कोरड्या फळ्यांवरची बुरशी

लखनौमधलं आमचं शेवटचं घर भट्टीला चिकटून बांधलेलं होतं. अमौसीच्या विमानतळाच्या अलीकडे, कानपूरच्या रस्त्यापासून जरा आत, मोहरीच्या शेतांच्या कडेला दोन खोल्या, एक पडवी, हातपंप, आणि स्वयंपाकघराच्या भिंतीपलीकडे बाबांची लाकूड वाळवायची भट्टी. भट्टी म्हटलं की लोकांना जाळ आणि धूर आठवतो. ही तशी नव्हती. विटांची एक मोठी बंद खोली, भिंतीलगत वाफेचे पाइप, वर पंखे. ओल्या फळ्यांची थप्पी रचायची, दोन थरांमध्ये हवा खेळावी म्हणून आडव्या पट्ट्या टाकायच्या आणि दार लावून घ्यायचं. उन्हावाऱ्यात ज्या फळीला अख्खा हिवाळा आणि उन्हाळा लागायचा, ती इथे थोड्याच दिवसांत वाळून निघायची. पंख्यांची घरघर भिंतीतून सतत यायची. आई म्हणायची, पिठाच्या गिरणीत संसार मांडलाय. डोक्यावरून विमान उतरायला लागलं की तेवढा वेळ ती घरघर बुडून जायची आणि आम्ही बोलता बोलता थांबायचो. मग विमान खाली टेकायचं आणि घरघर पुन्हा वर यायची.

ओलं आंब्याचं लाकूड तापलं की त्याला एक आंबूस वास सुटतो. इडलीचं पीठ जरा जास्त फुगल्यावर येतो तसा. तो वास आमच्या कपड्यांना, गाद्यांना, आईच्या पिठाच्या डब्यालाही लागलेला होता. थंडीत बाजारात कोथिंबिरीचे ढीग लागायचे तेव्हा आई सांभारवड्या करायची. पिठाच्या पोळीत कोथिंबीर, खोबरं, खसखस भरून घडी घालायची आणि तळायची. माझा धाकटा भाऊ मनोज भिंतीला कान लावून बसलेला असायचा. आई हाक मारायची, "मन्या, ये रे, गरम आहे तोवर खाऊन घे." तो तिकडूनच ओरडायचा, "हाँ मम्मी, आ रहा हूँ यार." आईला तो 'यार' फार झोंबायचा. तिच्या मनात चंद्रपूरला परत जायचं होतं. बाबांची रेल्वेची नोकरी होती तोवर निदान बदलीची आशा तरी होती. या भट्टीने तीही संपवली होती.

बाबा चंद्रपूरकडचे, सागवानाच्या डेपोशेजारी वाढलेले. रेल्वेच्या कारखान्यात डब्यांसाठी लागणारं लाकूड वाळवून घ्यायचं काम त्यांच्याकडे होतं. मग डब्यांतलं लाकूड कमी होत गेलं, त्याच्या जागी लोखंड आणि रेक्झिन आलं, आणि बाबांच्या खात्याला काही काम उरलं नाही. त्यांना दुसऱ्या टेबलावर बसवलं. तिथे ते जेमतेम वर्षभर टिकले. ऐशबागेत इश्तियाकभाई म्हणून त्यांचे जुने स्नेही होते, त्यांची लाकूड कापायची वडिलोपार्जित आरागिरणी होती. दोघांनी मिळून ठरवलं. आरा त्यांचा, भट्टी बाबांची. सागवान सामान्य माणसाच्या हाताबाहेर गेलेलं. मलिहाबादकडच्या म्हाताऱ्या बागांतला आंबा आणि तराईतला पॉपलर मात्र भरपूर मिळायचा. या लाकडांना कुणी विचारत नसे, कारण लोक ती ओलीच वापरत आणि मग ती वाकत, तडकत. बाबा म्हणायचे, "ही लाकडं वाईट नाहीत. ओली आहेत, इतकंच." हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलं आहे की आजही फर्निचरच्या दुकानात गेले की ते आधी आठवतं आणि मला दुकानातून बाहेर पडावंसं वाटतं.

गोमतीपलीकडे खेड्यांतून शिकायला येणाऱ्या मुलींसाठी एक नवं वसतिगृह उभं राहत होतं. त्यांच्या सगळ्या खाटा आणि भिंतीतली कपाटं आमच्या लाकडाची करायची ठरलं. वसतिगृह चालवणाऱ्या वॉर्डनबाई स्वतः भट्टी बघायला आल्या होत्या. बाबांनी त्यांच्यासमोर फळीत ओल मोजायच्या यंत्राच्या दोन सुया रोवल्या, काटा दाखवला आणि शाळेतल्या मास्तरांसारखं समजावून सांगितलं. इश्तियाकभाई मागे उभे राहून हसत होते. "मोहतरमा, भाई साहब लकड़ी नहीं सुखाते, इबादत करते हैं," ते म्हणाले. बाई हसल्या. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकत होते. त्या दिवशी मी सगळ्यांना चहा दिला. बाबांचा चेहरा इतका मोकळा मी नंतर कधी पाहिला नाही.

खाटा उन्हाळ्यात गेल्या. फिक्या पिवळसर रंगाच्या, गुळगुळीत, पॉलिश न केलेल्या. फळ्या ओल्या असतानाच रंधून घेतल्या होत्या, वाळल्यावर पुन्हा नाही. रंग नंतर द्यायचा होता. जुलै संपता संपता बाईंचा निरोप आला की लगेच येऊन जा.

आम्ही इश्तियाकभाईंच्या गाडीतून गेलो. मला बाबांनी का नेलं ते आठवत नाही, बहुधा मी हट्टच केला असेल. पाऊस नुकताच थांबला होता, भिंतींना घाम आल्यासारखा होता. खोलीचं दार उघडल्याबरोबर वास आला. बंद ट्रंकेत राहिलेल्या ओल्या कपड्यांचा. खाटांच्या पट्ट्यांवर, पायांवर, कपाटांच्या आतल्या बाजूला राखाडी-हिरवी लव उभी राहिली होती. एका मुलीने आपला गणवेश उलगडून दाखवला. पाठीवर काळे ठिपके पडले होते. ती म्हणाली, "अंकल, रोज़ पोंछते हैं हम लोग. सुबह फिर आ जाती है." दुसरी एक मुलगी खोकत होती आणि आमच्याकडे बघायचं टाळत होती. जणू खोकून ती आमचा अपमान करत होती.

बाबांनी खिशातून यंत्र काढलं आणि खाटेच्या पायात सुया रोवल्या. मग दुसऱ्या खाटेत, मग कपाटात. काटा प्रत्येक वेळी कोरड्याच्याच बाजूला.

"लकड़ी सूखी है," बाबा म्हणाले.

"सूखी लकड़ी पर फफूँद कैसे लग गई फिर?" वॉर्डनबाईंनी विचारलं. त्या चिडल्या नव्हत्या. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. बाबांनी पुन्हा काट्याकडे पाहिलं. आयुष्यभर त्यांनी एकच सांगितलं होतं, की वाळलेल्या लाकडाला काही होत नाही. मी खाली वाकून एका कपाटाच्या फळीकडे बघत होते. बुरशी सगळीकडे सारखी नव्हती. ठरावीक अंतरावर फळीवर आडवे स्वच्छ पट्टे होते, बोटाने पुसल्यासारखे. त्यांवर लव जवळजवळ नव्हतीच. मी ते बाबांना दाखवलं. त्यांनी पाहिलं, पण त्यांचं लक्ष नव्हतं.

घरी येईपर्यंत त्यांनी स्वतःला समजावलं होतं. आत कुठेतरी ओल राहिली असणार, यंत्राला दिसली नसणार. नव्या फळ्या घेऊन भट्टी आणखी तापवायची, आणखी वेगाने वाळवायचं आणि बाईंना खाटा बदलून द्यायच्या. आई एवढंच म्हणाली, "काहून जी, इतकी घाई कशाला? पाऊस तरी जाऊ द्या." बाबा म्हणाले, "पाऊस गेल्यावर बुरशी आपोआपच जाईल. मग मी काय सिद्ध केलं?" त्या दिवसांत भिंत हाताला गरम लागायची. आईने पिठाचा डबा दुसऱ्या बाजूला हलवला. फळ्या निघाल्या त्या जरा तपकिरी, भाजल्यासारख्या. बाबांनी सुया रोवल्या आणि मला हाक मारून काटा दाखवला. मी "छान" म्हटलं. काय म्हणणार?

ऑगस्टमध्ये नव्या खाटा गेल्या आणि त्यांच्यावर पहिल्यांपेक्षा लवकर आणि दाट बुरशी चढली. यावेळी निरोप आला नाही. एके दिवशी ट्रक आला आणि दोन्ही खेपांचा माल, खाटा, कपाटांची दारं, सगळं आमच्या अंगणात उतरवून गेला. ड्रायव्हर बिचारा विचारत होता, "बाबूजी, कहाँ लगवा दें?" बाबा पडवीत उभे होते. इश्तियाकभाईंनीच हाताने भट्टीशेजारच्या शेडकडे दाखवलं.

ते पट्टे माझ्या डोक्यातून जात नव्हते. त्यांच्यातलं अंतर ओळखीचं वाटत होतं आणि कशाचं ते लक्षात येत नव्हतं. मग एक दिवस भट्टीतल्या रिकाम्या ट्रॉलीवर पडलेल्या पट्ट्यांवर नजर गेली आणि उलगडलं. थप्पी रचताना दोन थरांमध्ये ज्या पट्ट्या टाकायचो, त्यांच्या जागा होत्या त्या. पट्टीखाली फळी झाकलेली राहते, तिथून पाणी उडून जात नाही. म्हणजे जिथून पाणी उडालं होतं तिथेच बुरशी होती, आणि जिथून उडालं नव्हतं तिथे नव्हती.

मी परत आलेल्या खाटांमधली एक फळी घेतली. काचेच्या तुकड्याने तिचा वरचा पापुद्रा खरवडला. स्वच्छ पट्ट्यावरचा वेगळा खरवडला. मग फळी चिरून आतला भुसा काढला. तिन्ही पुड्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत नेल्या, पाण्यात भिजवून गाळल्या आणि साखर ओळखायची जी निळ्या द्रावणाची परीक्षा आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवली होती, ती केली. आतल्या भुश्याची नळी निळीच राहिली, तळाशी किंचित हिरवट. पट्ट्यावरच्या पापुद्र्याच्या नळीत थोडासा पिवळा साका. आणि वरच्या पापुद्र्याची नळी तापवता तापवता विटेसारखी लाल झाली. शेजारच्या टेबलावरची मैत्रीण म्हणाली, "अरे वाह, क्या रंग आया है!" मी नळी हातात धरून उभी होते आणि घरी जाऊन काय सांगायचं याचा विचार करत होते.

दुपारी बाबा पडवीत खुर्चीवर बसले होते. आई तांदूळ निवडत होती. मी खाली बसून सांगायला लागले. ओल्या लाकडातलं पाणी म्हणजे नुसतं पाणी नसतं, झाडाचा रस असतो तो. त्यात साखर असते, आणखी पोषक द्रव्यं असतात. फळी वाळताना आतलं पाणी पृष्ठभागाकडे येतं आणि येताना हे सगळं बरोबर आणतं. पाणी उडून जातं, साखर वरच राहते. सावकाश वाळलं तर हा थर इतका दाट होत नाही. झटपट वाळवलं तर सगळं वरच्या पापुद्र्यात साठतं. मग पावसाळ्यात हवेतली ओल त्या पापुद्र्याला लागली की पुरे. फळी आतून कोरडीच असते. बुरशीला आतलं काही नकोच असतं.

बाबांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. मग त्यांनी विचारलं, "सागाला का होत नव्हतं?"

"सागाच्या गाभ्यात ही साखर नसते, बाबा. उलट बुरशीला न मानवणारे तेलकट पदार्थ असतात. आंबा आणि पॉपलर गोड लाकडं आहेत."

"आणि दुसऱ्या खेपेला मी जास्त तापवलं."

आईचा तांदळातला हात थांबला होता.

"म्हणजे त्या बुरशीचं ताट मीच वाढून ठेवलं होतं," बाबा म्हणाले. आवाजात राग नव्हता. रागावले असते तर बरं झालं असतं असं मला तेव्हा वाटलं, आणि आजही वाटतं. आता मी रसायनशास्त्र शिकवते आणि मुलांना हीच लाल नळी दाखवते. वर्गात प्रत्येक वर्षी कुणीतरी टाळ्या वाजवतं आणि मला त्या पडवीतली शांतता ऐकू येते.

उपाय होता. तो मीच त्यांना सांगितला, आणि सांगताना मला वाटलं की आपण काहीतरी वाचवतो आहोत. वरचा पापुद्रा रंध्याने काढून टाकला की खालचं लाकूड बुरशीला तितकंसं रुचत नाही. फळी जरा जाड कापायची, वाळवायची आणि वाळल्यावर रंधून मगच वापरायची. बाबा दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालून वॉर्डनबाईंकडे गेले. मी सोबत होते. बाईंनी आम्हाला नीट बसवलं, चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं. लाल नळीची गोष्ट मी सांगितली तेव्हा त्यांनी माझं कौतुकही केलं. खिडकीतून व्हरांडा दिसत होता आणि तिथे दोन माणसं लोखंडी खाटा उतरवत होती. पाय फरशीवर आपटल्याचा खणखण आवाज येत होता.

"आप ठीक ही कहते होंगे, साहब," बाई म्हणाल्या. "लेकिन अब लकड़ी नहीं. बच्चियों के घरवालों को मैं क्या जवाब दूँगी?"

बाबांनी चहा पूर्ण संपवला. कप खाली ठेवताना त्यांनी बाईंना विचारलं, खोकणारी मुलगी कशी आहे. बाई म्हणाल्या, घरी गेली. बरी होऊन की तशीच, ते त्यांनी सांगितलं नाही आणि बाबांनी विचारलं नाही.

मग बाबांनी परत आलेल्या खाटा रंधायला घेतल्या. त्यांचं काय करायचं हे कुणालाच माहीत नव्हतं, घेणारं कुणी नव्हतं. तरी रोज सकाळी बाबा शेडमध्ये जायचे, तोंडाला पंचा बांधायचे आणि एकेका खाटेचा पाय, पट्टी, उशाकडची फळी रंधायचे. करकर आवाज स्वयंपाकघरात यायचा. पण खाट एकदा जोडली की तिचं माप ठरून जातं. पापुद्रा काढला की सांध्याच्या खाचेत बसणारं कुसू सैल व्हायचं आणि खाट हलायला लागायची. बाबा पाचर मारायचे, ती दुसरीकडे हलायची. इश्तियाकभाई एकदा येऊन बराच वेळ बघत उभे राहिले. "भाई साहब, छोड़ दीजिए," ते म्हणाले. "जो बन चुका, वो बन चुका." बाबा म्हणाले, "बस, ये एक देख लूँ." इश्तियाकभाईंनी त्यांच्या हातातला रंधा काढून घेतला नाही. त्यांनी बाबांच्या खांद्यावरचा भुसा झटकला आणि आत येऊन आईला म्हणाले, "भाभी, इन्हें रोकिए. यह धूल अच्छी नहीं."

आई थांबवू शकली नाही. दिवाळीच्या आसपास बाबांच्या छातीने थांबवलं. आधी कोरडा खोकला, मग जिना नसलेल्या घरातही धाप. आलमबागेतल्या डॉक्टरांनी फोटो काढले आणि म्हणाले की बुरशीची धूळ आत गेली आहे, आता त्या लाकडाच्या जवळही जायचं नाही. बाबांनी मान हलवली. त्या दिवसापासून ते शेडमध्ये गेले नाहीत. भट्टीचे पंखे आधीच बंद झाले होते. भिंतीतून आता काही ऐकू यायचं नाही. जेवताना चमच्याचा आवाज मोठा वाटायचा. मनोज भिंतीला टेकून बसायचा, पण कान लावायचा नाही. आईला इतकी वर्षं ती घरघर नको होती आणि आता ती दुपारी काही कारण नसताना रेडिओ लावून ठेवायची.

मला वाटलं होतं आम्ही चंद्रपूरला जाऊ. एकदा आईने विषय काढला. बाबा म्हणाले, "तिथे मला कोण काय विचारेल, ते मला माहीत आहे." विषय तिथेच संपला. पुढे हज़रतगंजातल्या एका प्लायवुडच्या दुकानात ते हिशेब बघायला जाऊ लागले आणि शेवटपर्यंत जात राहिले. तिथल्या मालाबद्दल ते घरी चांगलं-वाईट काहीच बोलत नसत. त्यांना धाप कायमची चिकटली. इश्तियाकभाईंचा आराही पुढे बंद पडला. त्यांनी आम्हाला कधी एका शब्दाने दोष दिला नाही, आणि बाबांना त्याचाच सगळ्यात जास्त त्रास व्हायचा. बाबा गेले तेव्हा मी नागपूरला होते. आईने फोनवर सांगितलं तेव्हा तिच्या बोलण्यात मला पहिल्यांदा हिंदी शब्द ऐकू आले. ती म्हणाली, "सब हो गया, बेटा."

पण मला सांगायचं आहे ते खाटा परत आल्या त्याच वर्षीच्या थंडीतलं. शेड रिकामी करायची होती, जागेचा मालक मागे लागला होता. इश्तियाकभाईंनी त्यांच्या ओळखीच्या एका बावर्चीला पाठवलं. तो लग्नांच्या जेवणावळींत देगा, म्हणजे मोठाली पातेली, चढवायचा आणि त्याला जळण लागायचं. तो ठेला घेऊन आला. सोबतच्या माणसांनी खाटा कुऱ्हाडीने फोडल्या. फोडताना ठणठणीत आवाज येत होता. बाबा पडवीत शाल गुंडाळून बसले होते. मी त्यांना आत चला म्हटलं, ते उठले नाहीत. सगळ्या खाटा आणि कपाटांची दारं, तपकिरी आणि पिवळी, तुकडे होऊन ठेल्यावर चढली. बावर्चीने आदाब केला आणि गेला.

आठवड्याभराने तो परत आला. आम्हाला वाटलं काही राहिलं असेल. तो सरळ बाबांसमोर येऊन उभा राहिला, चेहरा उजळलेला. म्हणाला, "हुज़ूर, क्या लकड़ी थी! न धुआँ, न आँसू. ऐसी सूखी लकड़ी मैंने उम्र भर में नहीं जलाई. मेहमान पूछ रहे थे, देग इतनी जल्दी कैसे उतर गई. और मिलेगी क्या?"

बाबांनी त्याच्याकडे बघितलं. मग त्याला बसायला खुर्ची सरकवली आणि आईला चहा ठेवायला सांगितलं.

"नहीं," ते म्हणाले. "अब नहीं बनाते."